टर्न-बेस्ड आवडतं म्हणजे आपले हात चालत नाहीत का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

“मी ३६ वर्षांचा. राहायला वारज्यात, नोकरी हिंजवडीत. मुलगी झोपल्यावर रात्री साडेदहा ते साडेअकरा एवढाच वेळ खेळायला मिळतो. शाळेत असताना मावसभावाकडे ‘फायनल फँटसी टेन’ खेळलो आणि तेव्हापासून आरपीजीचं, म्हणजे एखादं पात्र घडवत कथा खेळण्याच्या गेमचं, वेड लागलं. यंदा ऑफिसातल्या मित्रांच्या आग्रहाने ‘एल्डन रिंग’ घेतला. ३१ तास झाले, लेव्हलही ३१ झाली, पण किल्ल्याच्या दाराशी मार्गिट हा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, काही पडत नाही. व्हॅगाबाँड हा योद्धा घेतलाय, सगळ्या स्टॅट्समध्ये (ताकद, चपळाई वगैरे गुणांत) थोडं थोडं टाकलंय, मिळेल ते जाड चिलखत घातलंय. रोल, म्हणजे फटका चुकवायची कोलांटी, मारतो तेव्हा गडी पोत्यासारखा आपटतो. लॅपटॉपला ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आहे, तो हॉलमधल्या टीव्हीला जोडून खेळतो. मित्र म्हणतात, टर्न-बेस्ड, म्हणजे पाळीपाळीने चाली करायचा, हा जुना प्रकार आहे, ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्यासाठी. आता मलाही तसंच वाटायला लागलंय. एल्डन रिंग रेटू की सोडू? पुढे काय घेऊ? शिवाय आठ वर्षांची मुलगी रविवारी शेजारी येऊन बसते आणि ‘बाबा, मी काय करू?’ विचारते. तिच्यासोबत काय खेळता येईल? – एक गोंधळलेला गडी, वारजे.”

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. मार्गिट का पडत नाही हा एक, आणि तुम्हाला मनापासून कुठली लढाई आवडते हा दुसरा. पहिल्याचं उत्तर हातांत शोधण्याआधी टीव्हीत, रॅममध्ये आणि त्या जाड चिलखतात शोधा. ते निस्तरेपर्यंत दुसऱ्या प्रश्नाचा निकाल लावू नका. काटाच बिघडलेला असेल तर वजन खरं कसं कळणार?

टीव्हीपासून सुरुवात करू. डोळ्यांना काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे २५० मिलिसेकंदांच्या आसपास. हॉलमधला टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यासाठी प्रत्येक चित्रावर प्रक्रिया करतो, आणि गेम मोड बंद असेल तर त्यात ५० ते १०० मिलिसेकंदांची भर सहज पडते. वर गेम ६० ऐवजी ३० एफपीएसवर (सेकंदाला ३० चित्रं) चालत असेल तर प्रत्येक चित्र १६.७ ऐवजी ३३.३ मिलिसेकंद थांबतं. म्हणजे मार्गिटची काठी तुम्हाला मुळात उशिराच दिसते आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ज्या एचडीएमआय पोर्टला लॅपटॉप जोडलाय त्या पोर्टसाठी गेम मोड चालू करा. काही टीव्हींवर तो प्रत्येक पोर्टला वेगळा लावावा लागतो, आणि नेमकं तेच राहून जातं. खात्री हवी असेल तर एका रात्री दहा मिनिटं लॅपटॉपच्याच स्क्रीनवर खेळा. तिथे रोल वेळेवर लागायला लागले, तर दोष टीव्हीचा होता. कंट्रोलर ब्लूटूथवर असेल तर तोही एकदा केबलने जोडून पाहा.

आता रॅम. एल्डन रिंगची किमान मागणी १२ जीबीची आहे आणि तुमच्याकडे ८ आहे. त्यातली बरीचशी विंडोज आणि उघडा राहिलेला ब्राउझर खातात. मेमरी संपली की गेम डिस्ककडे धावतो आणि चित्र क्षणभर गोठतं. बॉसच्या लढाईत तो क्षण तुमच्या जिवावर उठतो. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. दोनपैकी एकच वापरात असेल तर त्याच प्रकारची आणि त्याच वेगाची ८ जीबीची दुसरी पट्टी बसवून घ्या. ओळखीच्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्याचं हे थोड्या वेळाचं काम आहे. तुमच्या सगळ्या अडचणींवर पैसे टाकायचेच असतील तर आधी इथे टाका, नव्या गेमवर नंतर. तोपर्यंत ब्राउझर पूर्ण बंद ठेवा, चार्जर लावूनच खेळा, आणि गेमच्या सेटिंगमध्ये सावल्या आणि गवत सगळ्यात खालच्या पातळीवर आणा. मार्गिटशी लढताना गवत कुणी पाहत नाही.

तिसरं कारण चिलखत. पोत्यासारखा आपटणारा रोल हे त्याचं नेमकं लक्षण आहे. एल्डन रिंगमध्ये अंगावरचं एकूण वजन तुमच्या क्षमतेच्या ७० टक्क्यांपुढे गेलं की जड रोल लागतो. तो आखूड असतो आणि त्यातून सावरायला वेळही जास्त लागतो. ३० ते ७० टक्क्यांत मध्यम रोल मिळतो, ३० च्या खाली हलका. तुम्हाला मध्यम पुरे आहे. स्टेटसच्या पानावर ‘हेवी लोड’ दिसत असेल तर एकेक वस्तू काढत जा, ‘मीडियम लोड’ दिसलं की थांबा. पाठीवर टांगलेली जास्तीची हत्यारंही वजनात धरली जातात, तेव्हा भाला वापरत नसाल तर तो आधी उतरवा. जाड चिलखताने वाचणाऱ्या रक्तापेक्षा सुस्त रोलमुळे जास्त रक्त जातं.

स्टॅट्सचा घोळ मात्र या टप्प्यावर मागे घेता येत नाही. व्हॅगाबाँड लेव्हल ९ ला सुरू होतो, म्हणजे तुम्ही २२ गुण खर्च केलेत आणि ते आठ ठिकाणी वाटले. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम तीन आले, आणि कशालाच धार आली नाही. सुरुवातीचा व्हिगर (अंगात रक्त किती ते ठरवणारा गुण) १५ असतो, तुमचा आता १८ च्या आसपास असणार. गुणांची फेरवाटणी पुढे ‘रेनाला’ नावाची बॉस हरल्यावर मिळते, आणि ती मार्गिटच्या बरीच पलीकडे आहे. म्हणून इथून पुढचे गुण व्हिगर २५ होईपर्यंत फक्त तिथेच टाका, मग स्ट्रेंग्थ (ताकद) किंवा डेक्स्टेरिटी (चपळाई) यांपैकी एकच धरून चाला.

लेव्हलपेक्षाही जास्त फरक हत्याराच्या धारेने पडतो, हे नवखे बहुतेक विसरतात. सुरुवातीच्याच चर्च ऑफ एलेमधल्या ऐरणीवर हत्यार +३ पर्यंत जातं. त्यासाठी पहिल्या प्रतीचे स्मिदिंग स्टोन २, ४ आणि ६ असे एकूण १२ लागतात. लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशातल्या खाणीत ते भिंतींत लखलखताना दिसतात. मग दार सोडा आणि दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलात उतरा. तिथल्या तीन चर्चमध्ये मिळून तीन सेक्रेड टिअर मिळतात, आणि प्रत्येकाने औषधाच्या कुपीचा गुण वाढतो. रचनेनेच हा गेम तुम्हाला सांगत असतो की मार्गिट आज पडत नसेल तर दुसरीकडे जा. दारापाशी ३१ तास डोकं आपटण्याची सक्ती त्याने केलेली नाही.

आता खुद्द मार्गिट. तो काठी डोक्यावर उचलतो आणि तशीच धरून ठेवतो. उचललेली दिसताच घाबरून रोल मारला, की तुम्ही उठून उभे राहता त्याच क्षणी ती डोक्यात बसते. हा सापळा मुद्दाम रचलेला आहे. वेगवान बोटांचा माणूस त्यात आधी सापडतो. काठी वर असताना काहीही करायचं नाही. मनगट खाली वळायला लागलं की रोल, आणि तोही मागे नाही, त्याच्या अंगाकडे. मागे पळालात तर तो सोन्याचा सुरा फेकतो, विशेषतः तुम्ही कुपी तोंडाला लावलेली असताना. म्हणून कुपी त्याच्या लांब फटक्यांची मालिका संपल्यावरच प्यावी.

याहून तुमच्या स्वभावाला जुळणारी एक युक्ती आहे. व्हॅगाबाँडला सुरुवातीलाच मिळणारी हीटर शील्ड शारीरिक मार पूर्ण अडवते, त्यात फक्त स्टॅमिना, म्हणजे दम, जातो. ढालीवर फटका घेतल्याबरोबर जोराच्या वाराचं बटण दाबलं की गार्ड काउंटर, म्हणजे उलटा वार, बसतो. यात फटका कधी येईल याचा अंदाज बांधायचा नसतो. आधी फटका येऊ द्यायचा, मग उत्तर द्यायचं. लढाई जवळजवळ पाळीपाळीची होते. सोन्याच्या सुऱ्यांचा आणि पुढे काढलेल्या हातोड्याचा मार मात्र ढालीतून थोडा झिरपतोच, तेव्हा त्या वेळी ढालीवर विसंबू नका. आत शिरताच लांडग्यांचे ॲशेस वापरून मदतीला भूत-लांडगे बोलवा, दाराबाहेर रॉजियर या मदतनिसाची सोनेरी खूण दिसली तर त्यालाही घ्या. मर्कवॉटर गुहेत पॅचेस या ठगाला हरवून जिवंत सोडलात तर त्याच्याकडे ५००० रून्सना (गेममधलं चलन) मार्गिट्स शॅकल ही बेडी मिळते. ती पहिल्या टप्प्यात दोनदा त्याला जमिनीला खिळवून ठेवते. हे सगळं गेमने स्वतः हातात दिलेलं आहे, वापरण्यात कमीपणा नाही.

हे सगळं करून आठ-दहा रात्री द्या. त्यानंतरही साडेदहाला लॅपटॉप उघडताना कंटाळा आला तर एल्डन रिंग बाजूला ठेवा. ते हरणं नव्हे, ती आवड आहे.

आता आवडीबद्दल. तुमच्या मित्रांचं ‘जुना प्रकार’ हे म्हणणं इतिहासाला धरून नाही. एनिक्सचा पाळीपाळीचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ १९८६ चा. पण जपानमधला ‘हायडलाइड’ १९८४ चा आणि ‘ईस’ १९८७ चा, आणि हे दोन्ही धावपळीच्या लढाईचे आरपीजी. म्हणजे दोन्ही प्रकार एकाच दशकातली भावंडं आहेत, एकातून दुसरा सुधारून निघालेला नाही. मधला मार्गही जुनाच आहे: १९९१ च्या ‘फायनल फँटसी फोर’ने वेळेची पट्टी भरत जाणारी लढाई आणली, ज्यात विचार करत बसलं तर शत्रू थांबत नाही. आणि आजचं म्हणाल तर द गेम अवॉर्ड्सचा वर्षातला सर्वोत्तम गेम २०२२ ला एल्डन रिंग ठरला आणि २०२३ ला ‘बाल्डर्स गेट थ्री’. हा दुसरा शंभर टक्के पाळीपाळीचा. हात न चालणाऱ्यांसाठी काढलेला प्रकार असता तर तिथे पोचला नसता.

तेव्हा ‘टर्न-बेस्ड की ॲक्शन’ असं विचारूच नका. लढाईतला विचार कधी करायला आवडतो, असं विचारा. काहींना तो लढाईच्या आधी आवडतो: हत्यार, कौशल्यं, जोडीदार ठरवायचे आणि मग आपला डाव कसा चालतो ते बघायचं. २००६ च्या ‘फायनल फँटसी ट्वेल्व्ह’मधले गँबिट म्हणजे याची परमावधी. ‘जोडीदाराचं रक्त अमुक टक्क्यांखाली गेलं तर औषध’ असे नियम आधी लिहून ठेवायचे, लढाई त्यांच्यावर चालते. काहींना लढाई थांबवून विचार करायचा असतो. आणि काहींना पळत्या घोड्यावरच विचार सुचतो, एल्डन रिंग त्यांचा.

तुम्ही ‘फायनल फँटसी टेन’ चं नाव घेतलंत ते महत्त्वाचं आहे. त्या गेममध्ये वेळेची पट्टी नाही. पुढे कुणाची पाळी आहे याची यादी सतत डोळ्यांसमोर असते, आणि तुम्ही एखादी चाल निवडताना ती यादी कशी बदलेल तेही दिसतं. उडणाऱ्या शत्रूला वाक्का, कवच असलेल्याला ऑरन, जादूने जळणाऱ्याला लूलू. पाळी आली की माणूस बदलायचा, त्याचा दंड काही नाही. म्हणजे प्रत्येक शत्रू एक कुलूप आणि तुमच्या हातात किल्ल्यांचा जुडगा. तुम्हाला आवडली ती ही किल्ली शोधण्याची गंमत, असा आमचा अंदाज आहे. निव्वळ पाळीपाळीने खेळणं आवडत असतं तर कुठलाही टर्न-बेस्ड गेम चालला असता, आणि तसं होणार नाही. सगळे शत्रू एकाच फटक्याने मरणारा टर्न-बेस्ड गेम तुम्हाला चौथ्या दिवशी कंटाळवाणा होईल.

दुसरी गोष्ट नशिबाची. किती नशीब सोसवतं हे आपलं आपल्याला माहीत असलेलं बरं. बाल्डर्स गेट थ्रीमध्ये वीस पैलूंचा फासा पडतो आणि प्रत्येक वाराआधी तो लागण्याची शक्यता दिसते. ७० टक्के वाचून माणूस निर्धास्त होतो. पण तसे तीन वार केले तर त्यातला एक तरी चुकण्याची शक्यता जवळजवळ ६६ टक्के असते. हे गणित पटलं तर तो गेम अप्रतिम आहे: उंचावर उभं राहिलं की फाशाला +२, म्हणजे सरळ दहा टक्के, ॲडव्हान्टेज मिळालं की दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, त्याने ६५ टक्क्यांचे ८८ होतात. गणित न पटणाऱ्याला मात्र दर रात्री आपल्यावर अन्याय झाल्यासारखं वाटतं. तुमच्या लॅपटॉपवर हा गेम आत्ता घेऊ नका. त्याला १५० जीबी जागा आणि एसएसडी लागते, ग्राफिक्स कार्डही त्याच्या किमान मागणीपेक्षा थोडं कमी पडतं.

बाल्डर्स गेट थ्री काढणाऱ्याच कंपनीचा २०१७ चा ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन टू’ मात्र तुमच्या लॅपटॉपवर नीट चालेल, आणि तुमच्यासाठी आमची पहिली पसंती तोच आहे. साधारण ६० जीबी जागा मोकळी ठेवा. त्यात वार फारसे हुकत नाहीत, नशीब बाजूला राहतं आणि डाव पुढे येतो. एक पाळी जवळून पाहा.

समोर एक पहारेकरी आहे. त्याच्या रक्तावर दोन वेगळी कवचं आहेत: शारीरिक ४०, जादूचं १५. जे कवच शिल्लक असेल त्या जातीचा त्रास त्याला देता येत नाही: जादूचं कवच असेपर्यंत तो विजेने सुन्न होत नाही, शारीरिक असेपर्यंत खाली पडत नाही. तुमच्या चौघांत दोन तलवारवाले आणि दोन जादूगार असतील आणि चौघांनी त्याच्यावर मारा केला, तर तलवारी ४० वर चालतात, जादू १५ वर. पाठोपाठ दुसऱ्या शत्रूवरही तसंच. निम्मी ताकद चुकीच्या भिंतीवर जाते. पहिल्या वीस तासांत सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात आणि गेम कठीण आहे म्हणून सोडतात. तलवारवाल्यांना ज्याचं शारीरिक कवच पातळ आहे त्याच्यावर सोडा आणि या पहारेकऱ्यावर फक्त जादूगार ठेवा.

पाळीला चार ॲक्शन पॉइंट मिळतात. पहिला जादूगार एक पॉइंट खर्चून पाऊस पाडतो, पहारेकरी भिजतो आणि पायाखाली डबकं होतं. मग दोन पॉइंटांची वीज. पंधराचं कवच गळून पडतं, डबक्यात वीज भरते, आणि कवच नसलेला माणूस त्या डबक्यात उभा असेल तर तो सुन्न होतो. त्याची पुढची पाळी गेली. चौथा पॉइंट शिल्लक राहतो आणि पुढच्या पाळीत जमा होतो, कमाल सहापर्यंत. आता चूक कुठे होते ते बघा: तुमचाच तलवारवाला त्या पहारेकऱ्याला भिडून उभा असतो. डबकं त्याच्याही पायाखाली असतं आणि त्याचंही जादूचं कवच आधीच गेलेलं असतं. वीज पडली की दोघेही सुन्न. म्हणून पाऊस पाडण्याआधी वर्तुळ कुठवर जातंय ते पाहायचं, आणि आपला माणूस आत असेल तर जादूगाराची पाळी लांबवून आधी त्याला बाहेर काढायचं.

हा प्रकार वाचताना मनात पुढची चाल शिजायला लागली असेल, तर तुमचा कौल तुम्हाला मिळाला. डिफिकल्टी सुरुवातीला ‘क्लासिक’ न घेता त्याहून सोपी ‘एक्सप्लोरर’ घ्या. स्टॅट्स पुन्हा वाटायचा आरसा पहिलं बेट संपल्यावर जहाजावर मिळतो, तेव्हा तोपर्यंत गुण पसरवू नका. एल्डन रिंगमधली चूक इथेही तशीच महागात पडते.

तुमच्या एका तासासाठी आणखी एक सोय यात आहे. लढाई चालू असतानाही सेव्ह होतं. एल्डन रिंग थांबवता येत नाही. पावसाळ्यात रात्री लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो पण टीव्ही विझतो, आणि मार्गिट अंधारातही मारत राहतो. डिव्हिनिटीत लाईट परत येईपर्यंत पहारेकरी जिथल्या तिथे उभा असतो. मुलगी झोपेतून उठून हाक मारील तेव्हाही हेच. साडेअकराला उठायचं असणाऱ्या माणसाने गेम निवडताना सेव्हची पद्धत आधी पाहावी. ‘पर्सोना फाइव्ह रॉयल’ तुमच्या लॅपटॉपवर चालतो आणि शत्रूचं वर्म शोधून जास्तीची पाळी मिळवण्याची त्याची पद्धत तुम्हाला आवडेलही, पण मोठ्या इमारतींमध्ये तो ठरलेल्या खोल्यांतच सेव्ह होतो. आठवड्याच्या रात्रींसाठी तो नको, सुट्टीत घ्या.

आमचा शब्द प्रमाण मानू नका, स्वतः तपासा. स्टीमवर घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. गेम डाउनलोड झाला की लगेच सुरू करू नका, दोन मोकळ्या रात्री हेरा आणि पावणेदोन तासांत निकाल लावा. सुरुवातीचा परिचय लांबणारे गेम मात्र या मोजपट्टीत बसत नाहीत, त्यांचा डेमो असेल तरच घ्या. प्रत्येक हरलेल्या लढाईनंतर वहीत एकच ओळ लिहा: राग कशाचा आला? ‘बोट चुकलं’, ‘डाव चुकला’ की ‘फासा चुकला’? डाव चुकल्याचा राग आला की माणूस पुन्हा बसतो. बोट चुकल्याचा राग काहींना पेटवतो, काहींना थकवतो. पंधरा ओळी झाल्या की वही बघा आणि मित्रांना काही पटवून देत बसू नका.

ॲक्शनशी पूर्ण काडीमोड घ्यायचीही गरज नाही. ‘फायनल फँटसी सेव्हन रीमेक’मध्ये साधे वार करून पट्टी भरायची आणि आज्ञांची यादी उघडली की वेळ अगदी मंद होतो. त्याच्या क्लासिक मोडमध्ये साधे वार पात्र स्वतःच करतं, तुम्ही फक्त आज्ञा देता. ‘विचर थ्री’मध्ये चार डिफिकल्टी आहेत आणि क्वेन नावाचं चिन्ह अंगावर एक फटका झेलणारं कवच चढवतं, म्हणजे चूक माफ होते. आणि आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेला ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ पाहाच. तो आरपीजी नाही, छोटा ॲक्शन गेम आहे, पण त्रिशूळ घेऊन खांबांना धरून गिरक्या घेत लढणारी राजी पाहिली की धावपळीच्या लढाईची गोडी कुठे असते ते कळतं.

मुलीसाठी डिव्हिनिटी किंवा बाल्डर्स गेट अजिबात नको, त्यातली हिंसा आणि बोलणी मोठ्यांची आहेत. ते रात्रीचे ठेवा. रविवारसाठी ‘ड्रॅगन क्वेस्ट इलेव्हन एस’ घ्या. त्याचा डेमो फुकट आहे आणि बरेच तास चालतो, त्यामुळे पैसे घालण्याआधीच तिला आवडतो का ते कळेल. सुरुवातीला अवघड अटींची यादी समोर येते, तिच्यातली एकही निवडू नका. मागाहून त्या काढता येतात, पण नव्याने लावता येत नाहीत, आणि आठ वर्षांच्या मुलीला पहिल्याच रविवारी हरवून काही साधत नाही. सेटिंगमध्ये लढाईचा वेग मात्र वाढवा, नाहीतर प्रत्येक चिखलगोळा (त्यातला स्लाइम नावाचा शत्रू) आरामात उडी मारून येईपर्यंत तिचं लक्ष खिडकीबाहेर जाईल. बाकीच्या जोडीदारांना ‘फाइट वाइजली’वर सोडा, म्हणजे ते आपापलं लढतील, आणि नायकाला एकट्याला ‘फॉलो ऑर्डर्स’वर ठेवा. कंट्रोलर तिच्या हातात द्या. नायकाची पाळी आली की यादीतली नावं तिला वाचायला लावा, कुणाला मारायचं ते तिने ठरवायचं. शेजारी बसून तुम्ही एवढंच विचारायचं: “आधी कुणाला, आणि का?”